उकिरड्याची बारा वर्षे : साष्टीतल्या शेणखताची कहाणी

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण आपण माणसाच्या नशिबाबद्दल वापरतो. ती ज्याने पहिल्यांदा उच्चारली असेल त्याच्या डोळ्यांसमोर मात्र खराखुरा उकिरडा असणार. परसातल्या खड्ड्यात शेण, गुरांनी खाऊन उरलेला चारा, चुलीतली राख, झाडलोटीचा केर असे वर्षभर पडत राहते. कोणी तिकडे वळून बघत नाही. मग वैशाखात एक दिवस खड्डा उकरला जातो, काळेभोर, मातीसारखा वास येणारे खत गाडीत भरले जाते आणि घरातली सगळ्यात टाकाऊ वस्तू शेतातली सगळ्यात मोलाची वस्तू होते. बारा वर्षे ही म्हणीतली अतिशयोक्ती झाली. मुद्दा असा की मधला काळ जावा लागतो.

या मधल्या काळाची जाणीव भाषेतच मुरलेली आहे. गुरामागे पडतो तो शेणाचा पो. ते थापून वाळवले की गोवरी. पाण्यात कालवून अंगणात शिंपडले की सडा. भुईला आणि कुडाला लावले की सारवण. हे सारे उपयोग ताज्या शेणाचे. शेताला आणि परसाला जे मिळे त्याला मात्र कोणी नुसते शेण म्हणत नसे, ते शेणखत. शेण आणि शेणखत या दोन शब्दांमध्ये निदान चार-सहा महिन्यांचे अंतर आहे. आज मुंबईच्या उपनगरांत गच्चीवर किंवा खिडकीच्या जाळीत मिरची, पालक, गवती चहा लावणाऱ्या अनेकांना हे अंतर माहीत नसते. जवळच्या तबेल्यातून घमेलेभर ताजे शेण आणायचे, कुंडीत घालायचे आणि आठवड्याभरात रोपाने मान टाकली की शेणालाच दोष द्यायचा, असा क्रम ठरून गेला आहे.

ज्या जमिनीवर हे घडते ती काही शेणखताला परकी नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या बेटावर उभी आहेत ते साष्टी. माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या बेटावर शेकडो वर्षे भाताची खाचरे होती, ताडामाडाच्या बागा होत्या, भाजीचे मळे होते. विसाव्या शतकात तर आशियातल्या नामवंत दुग्धवसाहतींपैकी एक याच बेटावर वसली आणि शेणापासून गॅस व खत दोन्ही मिळवण्याचे प्रयोग इथेच झाले. मग शेण आणि शेणखत यांतले अंतर इथल्या माणसाच्या हातून कसे निसटले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ताज्या शेणाचे गुणदोष

आधी शेणाबद्दलच थोडे. ताज्या शेणात साधारण ऐंशी टक्के पाणी असते. चांगल्या मुरलेल्या शेणखतात नत्र सुमारे ०.५ टक्के, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश ०.५ टक्के, असे आकडे कृषी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत असतात. रासायनिक खताच्या पोत्याशी तुलना केली तर ते अगदीच किरकोळ वाटतात. शेणखताची खरी ताकद त्यातल्या सेंद्रिय द्रव्यात आहे. ते माती भुसभुशीत ठेवते, पाणी धरून ठेवते आणि मातीतल्या असंख्य जिवांना पोसते.

ताजे शेण हे काम लगेच करू शकत नाही, कारण त्याचे स्वतःचेच कुजणे बाकी असते. गोमूत्राने भिजलेल्या शेणातला नत्र भराभर अमोनियात बदलतो आणि कोवळ्या मुळांना तो जाळतो. कुजताना उष्णता निर्माण होते. शेतकरी याला एकाच शब्दात ‘शेण उष्ण पडले’ म्हणतात. शेणात पेंढा-काडी जास्त असेल तर उलटाच प्रकार होतो. ती काडी कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि रोप पिवळे पडते. गुराच्या पोटातून न पचता आलेले तणाचे बी तसेच उगवते. अर्धकच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या वाढतात आणि त्या मुळे कुरतडतात. नारळ ज्याच्या परसात आहे त्याला गेंड्या भुंगा सांगायला नको. त्याची मादी शेणाच्या ढिगात अंडी घालते आणि मोठा झालेला भुंगा माडाचा कोंब पोखरतो.

शेवटचा दोष डोळ्यांना दिसत नाही. गुरांच्या आतड्यांत साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंचे माणसाला घातक ठरणारे प्रकार असू शकतात. धनुर्वाताचे बीजाणूही असतात. वांगी शिजवून खाल्ली जातात, पण कोथिंबीर, पुदिना, मुळा, काकडी कच्ची खाल्ली जाते. म्हणूनच अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्च्या शेणाबद्दल दिवस मोजून दिले आहेत. ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याच्या काढणीआधी किमान १२० दिवस आणि इतर पिकांच्या काढणीआधी किमान ९० दिवस ते जमिनीत मिसळलेले असले पाहिजे. आपल्या उकिरड्याच्या हिशेबाशी हा आकडा किती जुळतो ते पुढे दिसेलच.

यात कुंडीची अडचण वेगळी आहे. शेतात टाकलेले शेण विस्तीर्ण मातीत पांगते, पावसाने खाली उतरते, उन्हाने वाळते. दहा-बारा इंचांच्या कुंडीत त्याला जायला जागाच नसते. शेतात जी चूक खपून जाते ती कुंडीत रोपाच्या जिवावर बेतते.

मासळीचे खत आणि परक्यांची नाके

मुंबईच्या खतांविषयीची सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक शेणाची नसून मासळीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईला आला. इथल्या माडांच्या बुंध्यांशी मासळीचे खत घालतात आणि जमिनीवरून वारा वाहू लागला की त्याची विषारी दुर्गंधी जहाजापर्यंत येते, असे त्याने लिहून ठेवले. या खताचे नाव त्याने कानाला लागले तसे ‘बबशो’ असे टिपले आहे. पुढे १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या प्रवासवृत्तात मुंबईच्या रोगट हवेचा दोष प्रामुख्याने याच खताला दिलेला आढळतो. अठराव्या शतकाच्या मध्याला जॉन हेन्री ग्रोज यानेही त्याचा उल्लेख केला. इंग्रजी लिखाणात हा शब्द ‘बकशॉ’ म्हणून रूढ झाला.

त्या काळी रोग दूषित हवेतून होतात अशी समजूत होती, म्हणून वास हाच गुन्हेगार ठरला. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉसने दाखवले ते १८९७ मध्ये. माडाच्या बुंध्यातली मासळी त्या तापातून सुटली, पण फ्रायरच्या तक्रारीत एक गोष्ट कायमची नोंदली गेली. खत घालणारा आणि वास सोसणारा ही दोन वेगळी माणसे असली की वास हा भांडणाचा विषय होतो. बागाइतदाराला त्यात पुढल्या वर्षीचे नारळ दिसत, जहाजावरच्या पाहुण्याला नुसती घाण. साष्टीतल्या शेणाचा पुढचा इतिहास बऱ्याच अंशी याच दोन नाकांचा आहे.

राब : आगीत मुरवलेले शेण

साष्टीतला शेतकरी शेणाचा जो उपयोग करी त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे राब. ठाणे-कुलाब्याच्या भातपट्ट्यात भाताचे रोप ज्या तुकड्यात करतात त्याला दाढ म्हणतात. उन्हाळ्यात या दाढीवर आधी वाळलेल्या शेणाचा थर घालायचा, त्यावर ऐन वगैरे झाडांची टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने तो पेटवायचा. म्हणजे ज्वाळा भडकत नाही, आग धुमसत धुमसत सबंध दाढीवरून सरकते. पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचा, आणि रोप हाताएवढे झाले की उपटून खाचरात आवणी करायची.

वरवर पाहता यात शेणाची नासाडी दिसते. त्यातला नत्र बराचसा धुरात जातो हे खरेच आहे. पण राबाने तणाचे बी मरते, किडींची अंडी आणि कोष जळतात, मातीचा वरचा थर भाजून मोकळा होतो आणि राखेतले क्षार कोवळ्या रोपाला लगेच लागू पडतात. शेणातले जे दोष आपण वर पाहिले ते जवळजवळ सगळे एका रात्रीत आगीने काढून टाकायचे, अशी ही युक्ती होती. उकिरड्यात जे काम महिने करतात ते इथे विस्तव करी.

इंग्रज सरकारच्या जंगलखात्याला हे पटले नाही. टहाळीसाठी झाडे छाटली जातात म्हणून राब हा जंगलाचा शत्रू ठरला. जंगल राखीव झाले, टहाळ तोडण्यावर आणि गुरे चारण्यावर बंधने आली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावोगावची गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्याची तक्रार केली, ती १८८३ च्या सुमारास. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले, आणि त्याच्यापुढे राबाचा प्रश्न आला. शेतीचा अभ्यास करायला भारतात आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. भारतीय शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून, हे त्याचे म्हणणे आजही विसरण्याजोगे नाही. कुरणे आणि टहाळ गेली की गुरे कमी होतात, गुरे कमी झाली की शेण कमी होते, आणि उरलेले शेण चुलीत जाते. शेणखताची साखळी तुटायची सुरुवात अशी जंगलापासून झाली.

मेंढ्या आणि इंदूरचा ढीग

कोकणात ताजे खत थेट शेतात पडण्याचाही एक प्रकार होता, तो धनगरांच्या मेंढ्यांचा. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात. भात कापून झालेले असते. शेतकरी त्यांना आपल्या खाचरांत रात्रीपुरता कळप बसवायला बोलावतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. लेंड्या आणि मूत थेट जमिनीत पडतात, उकिरड्याची गरजच उरत नाही. हे कच्चे खत घातल्यासारखे वाटते, पण पुढचे पीक उभे राहायला सहा-सात महिने असतात. तेवढ्यात ऊन, दव आणि खोडव्याखालची माती मिळून लेंडीचे खत करून टाकतात. १२० दिवसांचा अमेरिकी नियम या शेतकऱ्याने वाचलेला नव्हता. त्याने तो पाळलेला मात्र होता.

या सगळ्या परंपरागत शहाणपणाला शास्त्रीय चौकट मिळाली ती इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने तिथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत शेण आणि काडीकचरा यांपासून हुकमी खत करण्याची पद्धत बसवली. तिचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले तेव्हा त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड यांचेही नाव होते. पुढे जगभर सेंद्रिय शेतीचा मूळपुरुष म्हणून हॉवर्डचा गौरव झाला. वाडांचे नाव मात्र मराठी वाचकालाही फारसे ठाऊक नाही.

इंदूर पद्धतीत नवे घटक कोणतेच नव्हते. शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, राख आणि शेतातला काडीकचरा, एवढेच. नवे होते ते प्रमाण आणि वेळापत्रक. काडीचे प्रमाण शेणापेक्षा पुष्कळ जास्त ठेवायचे, ढीग ओलसर पण हवेशीर ठेवायचा, ठरलेल्या दिवशी तो तीनदा उलथायचा. ढिगाचे तापमान साठ अंशांच्या वर चढते आणि तणाचे बी, किडे, जंतू यांचा बहुतेक निकाल तिथेच लागतो. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. उकिरड्याला जे आठ-दहा महिने लागत ते काम नव्वद दिवसांवर आले. 

गोठा आणि तबेला

राब असो, मेंढ्या असोत की इंदूरचा ढीग, या सगळ्यांत गुरे आणि जमीन एकाच ठिकाणी होती. मुंबईत या दोघांची ताटातूट झाली. मराठीत गाई-म्हशी बांधतात त्या जागेला गोठा म्हणतात. तबेला हा खरा घोड्यांचा. मुंबईने तबेल्यात म्हशी बांधल्या, आणि हा शब्दाचा बदल पुरेसा बोलका आहे. गोठा घराला आणि शेताला लागून असतो, तबेला दुधाच्या गिऱ्हाइकाला लागून. म्हैस व्यायली की बाहेरगावाहून आणायची, दूध आटले की तिची वाट लावायची आणि दुसरी आणायची. वैरण विकतची, जमीन भाड्याची. अशा जागी शेण हे खत नसते, रोज हटवावे लागणारे ओझे असते.

बेटावरच्या गल्लीबोळांतले हे तबेले हलवण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभारायला घेतली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. या योजनेमागे दुग्धायुक्त दारा खुरोडी होते. १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे ३,१६० एकरांची ही वसाहत होती. टेकड्या, झाडी, मधून जाणारे रस्ते, आणि साधारण सोळा हजार म्हशी राहतील अशी तबेल्यांची तीसेक युनिटे. याच सुमारास, १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत, साष्टीतली गावे मुंबई महापालिकेत आली.

आता शेणाचा हिशेब करू. एक मोठी म्हैस दिवसाला साधारण पंधरा किलो शेण टाकते असे धरले तर सोळा हजार म्हशींचे रोजचे शेण होते २४० टन. इतके शेण ताजे असताना वापरता येईल अशी शेती मुंबईच्या उंबरठ्यावर उरली नव्हती आणि ते कुजवायला लागणारी जागा व मजुरी दुधाच्या भावात बसत नव्हती. त्यावर आरेत निघालेला एक मार्ग म्हणजे पॅरा गवत. हे पाणथळ जागी फोफावणारे गवत तबेल्यांच्या धुवणावर वाढते. शेणाचे पाणी गवताला, गवत म्हशीला. कच्चे शेण वापरायचेच असेल तर जे माणूस कच्चे खात नाही अशा पिकाला वापरावे, हा यातला शहाणपणा. म्हशींची आणि शेणाची संख्या मात्र गवताच्या भुकेपेक्षा मोठी होती.

बोरिवलीची टाकी

आरेपासून काही मैलांवर बोरिवलीला शेणाच्या प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार चालू होता. शेणापासून जळण आणि खत या दोन गोष्टी एकाच वेळी मिळवता येतील का? व्होल्करने वर्णन केलेल्या पेचावरचा तो उपाय होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीला दिल्लीत एस. व्ही. देसाई यांनी प्रयोग केले होते. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र बनवले. पार्ल्याला मुख्यालय असलेल्या खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रचना स्वीकारली आणि बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात गोबरगॅसचे संशोधन व प्रशिक्षण चालवले. देशभरच्या खेड्यांत पुढे जी विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर तरंगणारे लोखंडी पिंप दिसू लागले, त्यामागे उपनगरातले हे केंद्र आहे.

तिचे काम असे चालते. ताजे शेण आणि पाणी समसमान कालवून टाकीत सोडायचे. आत हवा नसते. हवेविना जगणारे जिवाणू शेण खातात आणि त्यातून मुख्यतः मिथेन वायू निघतो. एक किलो ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. मुक्काम उष्ण प्रदेशात तीस दिवसांचा, थंड डोंगराळ भागात पंचावन्नपर्यंत, महाराष्ट्रासाठी सुमारे चाळीस. त्यानंतर दुसऱ्या तोंडाने जी मळी बाहेर येते तिला शेणाचा वास नसतो आणि माश्या बसत नाहीत. नत्र जवळजवळ सगळा त्यात शिल्लक असतो. जाळल्यावर राखेपुरते उरणारे शेण इथे चुलीलाही कामी येते आणि मातीलाही.

उकिरड्यात शेणाला हवा आणि काळ मिळे, राबात आग, इंदूरच्या ढिगात हवा आणि उलथणे, बोरिवलीच्या टाकीत अंधार आणि पाणी. पद्धती चार, अट एकच : शेणाला ठरावीक मुक्काम करू द्या. दुर्दैवाने ज्या उपनगरात हे तंत्र घडले त्या उपनगरातले बहुतेक शेण या टाक्यांपर्यंत पोचलेच नाही.

नदीकडे गेलेले खत

ते गेले नाल्यांत. ओशिवरा नदी आरेतून गोरेगावच्या दिशेने वाहते, मिठी विहार आणि पवई तलावांच्या पाण्यावर जगते. तबेले धुतले की शेण पाण्याबरोबर उताराला लागते. शेतात ज्याला अन्नद्रव्य म्हणतात तेच नदीत पाण्यातला प्राणवायू संपवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीने शहर बुडवले आणि तेव्हा नदीत काय काय सोडले जाते याची चौकशी सुरू झाली. कारखाने, भंगारवाले, वस्त्यांचे सांडपाणी यांच्या यादीत तबेल्यांचे शेणही होते.

शहरातून गुरे हटवण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७६ पासूनच होता. डहाणूच्या पुढे दापचरीला तबेले हलवण्याची योजनाही जुनी. अंधेरी, जोगेश्वरी, मालाड, कांदिवलीचे तबेले कमी होत गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या. त्या इमारतींतल्या रहिवाशांना शेजारच्या उरलेल्या तबेल्याचा वास खटकू लागला. फ्रायरच्या जहाजावर जे घडले तेच सातव्या मजल्यावर घडू लागले. गंमत अशी की त्याच सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आता प्लास्टिकच्या पिशवीत विकत घेतलेले शेणखत येते.

या उलट्या प्रवाहात घाटकोपरने वेगळे काही करून पाहिले. तिथल्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात आपला ओला कचरा गल्लीतच गांडुळांकरवी कुजवायला सुरुवात केली. महापालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या परिसर व्यवस्थापनाच्या म्हणजे एएलएमच्या उपक्रमाला या गल्लीचा अनुभव पायाभूत ठरला. गांडूळ पाळणाऱ्याला शेणाबद्दलचा जुना धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो. ताज्या शेणात सोडलेली गांडुळे उष्णतेने आणि अमोनियाने मरतात किंवा पळून जातात. शेण दोन-तीन आठवडे पसरून, पाणी मारून थंड केले तरच ती त्यात रमतात. रोपाच्या मुळाला जे सोसत नाही ते गांडुळालाही सोसत नाही.

शेण विरजणासारखे

मग ताज्या शेणाचा बागेत काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातच नव्याने मांडला गेला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि थोड्या जागेत, घरच्या पालापाचोळ्यातून सुपीक माती घडवता येते हे दाखवले. त्यांच्या विचारातून पुढे अमृतजल आणि अमृतमाती आली. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस ढवळत ठेवायचे, मग दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळका पाला भिजवायचा आणि त्याचा ढीग रचायचा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास जी बाग फुलवली तीही याच वळणाची. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांचे जीवामृत याच जातीचे : दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, आणि तेवढे एका एकराला.

या प्रमाणांकडे नीट पाहावे. एकराला दहा किलो शेण हे खत म्हणून काहीच नाही; शेणखत एकरी गाड्यांनी टाकतात. इथे शेण अन्न म्हणून येत नाही, विरजण म्हणून येते. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध लागते, पण पातेलेभर विरजण कोणी दुधाऐवजी घेत नाही. ताज्या शेणातले जिवाणू हवे असतात, ते जिवंत हवेत म्हणून शेण ताजे. खरे खत होतो तो पालापाचोळा, आणि त्याला इथेही चार-पाच महिने द्यावे लागतात. ‘ताजे शेण उत्तम’ हे यातले अर्धेच वाक्य ऐकून जो कुंडी भरतो, त्याची फसगत होते.

जागा आणि सबुरी

गच्चीवरच्या माळ्याला या इतिहासातून मिळणारा व्यवहार सोपा आहे. दिवाळीत आणलेले शेण वाळक्या पाल्याच्या तिप्पट-चौपट थरांत मिसळून, छिद्रे पाडलेल्या पिंपात, ओलसर पण निथळत ठेवावे. पंधरवड्याने उलथावे. होळीच्या सुमारास मुठीत घेऊन बघावे. शेणाचा वास गेलेला असावा, काडी बोटाने तुटावी, ढीग गार असावा, मूठ उघडली की भुगा मोकळा व्हावा. मग एक भाग खताला तीन भाग माती या हिशेबाने कुंडीत घालावे. घाई असेलच तर ताजे शेण फुलझाडाच्या किंवा शोभेच्या झाडाच्या बुंध्यापासून लांब, पातळ कालवून द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नये, आणि शेण हाताळताना हातावर जखम असेल तर मोजे घालावेत.

अवघड आहे ते दुसरेच. उकिरड्याला जागा लागते, आणि चौरस फुटाने मोजल्या जाणाऱ्या उपनगरात वर्षभर काहीच न करता नुसते कुजणाऱ्या वस्तूला जागा देणे कोणाला परवडत नाही. साष्टीतल्या शेतकऱ्याकडे पैसा नव्हता, पण परसात एक खड्डा होता. आपल्याकडे सोसायटीच्या मागे मोटारी ठेवायला जागा आहे, पानांच्या ढिगासाठी नाही. झाडलेला पाला काळ्या पिशवीत बांधून दूर पाठवला जातो आणि महिन्याभराने खताची पिशवी दुकानातून येते. शेणाबद्दलचे आपले अज्ञान हे मुळात या गेलेल्या जागेचे अज्ञान आहे. खड्डा गेला तेव्हा त्याच्याबरोबर वाट पाहण्याची सवय गेली, आणि सवय गेल्यावर ‘शेण’ आणि ‘शेणखत’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले.

‘पडलेले शेण माती घेऊन उठते’ अशीही एक म्हण आहे. ती आपण एकदा ठपका आला की माणसाला थोडा तरी डाग लागतोच या अर्थी वापरतो. शेण माती घेऊन उठते ते मातीवर पडले तरच. सिमेंटवर पडलेले शेण फक्त नाल्यात जाते.

दिवाळीत गावोगावी अजून गोठ्यात, विहिरीवर, तुळशीपाशी दिवे ठेवतात, आणि काही घरांत एक पणती उकिरड्यावरही ठेवली जाते. पुढच्या वर्षीचे पीक तिथे, त्या अंधाऱ्या खड्ड्यात तयार होत असते, हे त्या घरांना ठाऊक असते. उपनगरातल्या ज्या सोसायट्यांनी गच्चीवर किंवा कुंपणाशी पाल्याचे एखादे पिंप ठेवले आहे, त्यांनाही यंदा एक पणती तिथे लावायला हरकत नाही.